मीठ गोड होतं तेव्हा

पंगतीत पान वाढायला सुरुवात होते ती मिठापासून. पानाच्या वरच्या बाजूला मधोमध चिमूटभर मीठ, त्याच्या डावीकडे लिंबाची फोड, मग चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाज्या आणि आमटी. मध्ये भाताची मूद. मुरलेला वाढपी हा क्रम कधी चुकत नाही. या प्रकरणात आपण पानावरून असेच फिरू आणि प्रत्येक पदार्थाला त्याचं नाव कुठून आलं ते विचारू.

पहिल्याच घासाला खडा लागतो. 'मीठ' हा शब्द मुळात गोड आहे. संस्कृतातल्या 'मृष्ट', 'मिष्ट' या शब्दांवरून तो आला. त्यांचा अर्थ रुचकर, गोड. 'मिष्टान्न' त्यातलंच. हिंदीत 'मीठा' गोडच राहिला, मराठीत आणि गुजरातीत मात्र तोच शब्द खाऱ्या पदार्थाला चिकटला. कारण साधं आहे. ज्याने अन्नाला चव येते ते 'मिष्ट', आणि आळणी आमटी एकदा खाल्लेल्या माणसाला ही व्याख्या समजावून सांगावी लागत नाही. मिठाने गोडाचं नाव घेतल्यावर गोडाला नवं नाव हवंच होतं. ते मिळालं 'गुड' म्हणजे गुळावरून. आजही जे खारं किंवा तिखट नाही त्याला आपण 'गोडं' म्हणतो. गोडं पाणी, गोडं तेल. गोडं वरण तर गूळ असो वा नसो, गोडंच असतं.

मिठाचं जुनं नाव 'लवण'. ते पानावरून पुरतं गेलं नाही, शेजारीच लोणच्यात लपून बसलं आहे. लोणी मात्र त्याच्या नात्यातलं नाही. ते 'नवनीत' या शब्दाचं झिजलेलं रूप. नवनीतातल्या 'न'चा 'ल' झाला आणि दोन परके शब्द दिसायला सख्खे भाऊ झाले. दिसण्यावर विसंबून शब्दांची नाती जुळवू नयेत, हा धडा या शास्त्रात पहिल्याच दिवशी शिकावा लागतो.

चटणीचं फार सांगायला नको. चाटायची ती चटणी. इंग्रजांनी हा शब्द उचलला, चटणीत साखर आणि व्हिनेगर घातलं, बाटलीत भरली आणि ती आपल्यालाच विकली. कोथिंबीर संस्कृतातल्या 'कुस्तुंबरी'ची, आणि कोशिंबिरीची बहीण कर्नाटकात 'कोसंबरी' नावाने नांदते. भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओलं खोबरं, वरून मोहरीची फोडणी. मेतकुटाच्या नावात मेथी आहे, डब्यात ती नावापुरतीच असते. तरी दोन माणसांचं जमलं की त्यांचं मेतकूटच जमतं.

भाताकडे येऊ. 'भात' हा संस्कृत 'भक्त' या शब्दाचा वंशज. देवाचा भक्त आणि ताटातला भात, दोघांचा धातू एकच, 'भज्'. त्याचा एक अर्थ वाटणे, वाट्याला येणे. जे वाट्याला आलं ते अन्न, आणि तांदळाच्या मुलखात अन्न म्हणजे शिजलेला तांदूळ. नोकरदारांचा 'भत्ता'ही याच घराण्यातला मानतात. पोहे 'पृथुक'चे, लाह्या 'लाजा'च्या. लग्नातल्या लाजाहोमात आपण आजही लाह्या त्यांच्या जुन्या नावाने अग्नीत टाकतो.

खिचडी हा शब्दही जुना. चौदाव्या शतकात इब्न बतूताने मूग-तांदळाच्या खिचडीची नोंद केली. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी आपल्या चौल बंदरात उतरला, जुन्नर आणि बीदर पाहून गेला आणि लिहून ठेवता झाला की इथे घोड्यांना साखर-तेल घातलेली खिचडी चारतात. रात्रीच्या जेवणाला खिचडी टाकली की नाक मुरडणाऱ्यांना हे जरूर सांगावं.

आता आमटी. आमटीत 'आंबट' आहे हे कानालाच कळतं. आमटीची चर्चा दोन मिनिटं चालली की कुणीतरी सांबाराची गोष्ट काढतोच. गोष्ट अशी: छत्रपती संभाजी महाराज तंजावरला चुलतभावाकडे, शहाजीराजांकडे गेले. राजांना आमटीची हौस. पण आमसुलं संपली होती. दरबारातल्या कुणी चिंच सुचवली, पदार्थ फक्कड जमला आणि पाहुण्याच्या नावावरून त्याला 'सांबार' म्हणू लागले.

गोष्ट झकास आहे, पण टिकत नाही. शहाजीराजे तंजावरच्या गादीवर आले १६८४ मध्ये. संभाजी महाराजांची हत्या झाली मार्च १६८९ मध्ये. मधली पाच वर्षं औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसला होता आणि महाराजांना उसंत नव्हती. चिंच तर तमिळ स्वयंपाकात त्याआधी कित्येक शतकं होती. तिचा शोध लागायला मराठी पाहुण्याची वाट कशाला बघावी लागेल? आणि छत्रपतींच्या नावाने डाळीला हाक मारायची हिंमत कोणत्या आचाऱ्याने केली असती, हा आणखी वेगळा प्रश्न.

खरी गोष्ट जास्त मजेची आहे. संस्कृतात 'संभार' म्हणजे जमवलेलं सामान. यज्ञाचं साहित्य तो यज्ञसंभार, डोक्यावरचा केसांचा भार तो केशसंभार. स्वयंपाकघरात जमवलेलं सामान म्हणजे मसाला. कन्नडमध्ये आजही मसाल्याच्या पदार्थांना 'सांबार पदार्थ' म्हणतात. केरळात 'संभारम' मागितलंत तर आलं-मिरची-कढीपत्ता घातलेलं ताक समोर येतं. गुजरातेत 'संभारो' म्हणजे मोहरी-हळदीवर परतलेली, अजून कुरकुरीत असलेली कोबी.

महाराष्ट्रातच बघा. सिंधुदुर्गात काळ्या वाटाण्याचं 'सांबारं' होतं. वाटाणे रात्रभर भिजवायचे, मऊ शिजवायचे. कांदा आणि सुकं खोबरं जवळजवळ काळपट होईपर्यंत भाजून पाट्यावर वाटायचं, आणि थोडे शिजलेले वाटाणे त्याच वाटणात चिरडून घालायचे, म्हणजे रस्सा मिळून येतो. सोबत आंबोळ्या नाहीतर वडे. यात डाळ नाही, चिंचेचं पाणी नाही, मसाला मात्र सढळ आहे, म्हणजे नाव सार्थ आहे. नागपूरकडे जाऊन भाजीवालीकडे 'सांबार' मागा. ती कोथिंबिरीची जुडी देईल. विदर्भात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. थंडीत ती मुबलक आणि स्वस्त झाली की घरोघर सांबारवडी होते. कोथिंबीर बारीक चिरायची, त्यात तीळ, खसखस, सुक्या खोबऱ्याचा कीस घालायचा. बेसनाच्या लाटीला आतून चिंचेचं तिखट पाणी लावायचं, सारण भरून घडी घालायची, तळायची आणि कढीबरोबर खायची. पुण्यातून नागपुरात बदली होऊन गेलेल्या घरात पहिल्या आठवड्यात सांबारावरून गोंधळ होतोच होतो.

एक शब्द मसाला, ताक, परतलेली कोबी, वाटाण्याचा रस्सा, हिरवी पानं आणि इडलीबरोबरची डाळ इतक्या ठिकाणी जाऊन बसला. एका राजाच्या एका जेवणातून एवढा पसारा होत नाही.

तंजावरच्या मराठ्यांचं श्रेय यात कुठे कमी होत नाही. सरफोजी राजांच्या काळात तिथे 'सरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी ग्रंथ झाला. तमिळ मुलखात बसून मराठीत पाककृती लिहिणारा हा दरबार खाण्याच्या बाबतीत पुरता गंभीर होता. त्याला दंतकथेची गरज नाही.

पोळीला मात्र कागदोपत्री पुरावा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे बीदर जिल्ह्यातलं आजचं बसवकल्याण. राजाने कोणकोणते उपभोग घ्यावेत याची ही लांबलचक यादी आहे आणि त्यात खाणं मोठ्या हौसेने आलं आहे. 'पोलिका' म्हणजे आपली पोळी, 'मंडक' म्हणजे मांडे, 'वटक' म्हणजे वडा, 'घारिका' म्हणजे घारी. जवळजवळ नऊशे वर्षांत ही नावं फक्त थोडी झिजली. 'इडरिका'ही आहे. ती आजच्या इडलीची पूर्वज, पण त्या इडरिकेत तांदूळ नाही, वाफवणं नाही. उडदाच्या पिठाचे गोळे तुपात तळून वर मिरी, जिरं, हिंग. नाव तेच राहिलं आणि पदार्थ पार बदलला. असं वारंवार होतं. म्हणून 'हा पदार्थ हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात आहे' असं कुणी म्हणालं की नाव आहे की पदार्थ आहे, एवढं विचारावं.

मांड्यांचं नशीब चांगलं. खानदेशात अजून उपड्या खापरावर पुरणाचे मांडे भाजतात. लाटणं न घेता, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत ते कोपरापर्यंत मोठे करायचे, हे कौशल्य आहे. ज्यांना ते जमत नाही ते मनातले मांडे खातात.

पोळीवरून मराठी माणसं अजून भांडतात. पुण्यात रोजची ती पोळी. कोल्हापुराकडे रोजची ती चपाती आणि पोळी म्हणजे फक्त पुरणाची. गोव्यात पहाटे पोदेराकडून 'पोळी' घेतलीत तर हातात येईल कोंडा लावलेला, आतून पोकळ पाव. हा 'पोदेर' पोर्तुगीज 'पादेरू'वरून, म्हणजे भट्टीवाला. 'पाव' पोर्तुगीज 'पांव'वरून. पावाचं पीठ पायांनी तुडवतात म्हणून तो पाव, असं सांगून पूर्वी मुलांना पावापासून लांब ठेवायचे. त्या सांगण्यात भाषाशास्त्र शून्य आणि सोवळं पुष्कळ होतं. पोर्तुगिजांना इथे यीस्ट मिळालं नाही, तेव्हा गोव्यातल्या भट्टीवाल्यांनी माडाच्या ताडीने पीठ फुगवलं. नाव युरोपचं आणि फुगवटा कोकणातला, असा तो पाव आहे.

पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यानंतरच्या दीड-दोनशे वर्षांत आपल्या बाजारात नव्या नावांची रांग लागली. काजू, अननस, पपई ही नावं मूळची अमेरिकेतल्या आदिवासी भाषांतली, पोर्तुगीज जहाजांनी आणलेली. पेरू हे फळ पेरू देशावरून ओळखलं जातं असं पुष्कळांना वाटतं. पण गोव्यात त्याला 'पेर' म्हणतात आणि त्याच्या वडीला 'पेराद', आणि पोर्तुगीजमध्ये 'पेरा' म्हणजे नासपती. मला हीच वाट खरी वाटते. नवं फळ दिसलं की माणूस ओळखीच्या फळाचं नाव देतो. हापूस हे अफोंसू द अल्बुकर्कच्या नावाचं कोकणी रूप, हे आता शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. विंदालू मात्र फसवं. त्यात 'आलू' नाही. पोर्तुगीज नाव 'व्हिन्य दाल्युश', म्हणजे वाइन आणि लसूण. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं. पुढे इंग्लंडातल्या हॉटेलवाल्यांना नावात आलू ऐकू आला आणि त्यांनी रश्श्यात बटाटे टाकले. नावाच्या चुकीने पाककृती बदलल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही.

बटाटा म्हटलं की थेट उपासाच्या ताटाकडे वळावं लागतं. मराठी घरातलं सगळ्यात सोवळं ताट हे. आषाढीला नाहीतर महाशिवरात्रीला काय असतं त्यात? साबुदाण्याची खिचडी, तिच्यात बटाटा, शेंगदाण्याचं कूट, हिरवी मिरची. शेजारी रताळ्याचा कीस. राजगिऱ्याचा लाडू. यातला एकही मुख्य जिन्नस ज्ञानेश्वरांच्या काळातल्या माणसाने पाहिला नव्हता. बटाटा, रताळं, शेंगदाणा, मिरची, राजगिऱ्याचं दाणेदार पीक, आणि ज्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो कंद, हे सगळे अमेरिकेचे. कोलंबस १४९२ मध्ये तिकडे पोचला, त्यानंतरच ते आपल्याकडे येऊ शकले.

त्यातही 'बटाटा' या शब्दाने मोठा घोटाळा करून ठेवला आहे. कॅरिबियन बेटांवरच्या टाइनो लोकांच्या भाषेत 'बटाटा' म्हणजे रताळं. आपण ज्याला बटाटा म्हणतो तो अँडीज पर्वतातला, तिथे त्याचं नाव 'पापा'. युरोपात दोन्ही कंद पोचले, नावांची सरमिसळ झाली आणि रताळ्याचं नाव बटाट्याने बळकावलं. त्यामुळे सतराव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशांनी हिंदुस्थानात 'पोटॅटो' खाल्ल्याचं लिहिलं आहे, तिथे तो बटाटा होता की रताळं, यावर अभ्यासक अजून घासाघीस करतात. उत्तरेत 'आलू' हे जुनंच संस्कृत नाव, कोणत्याही खाण्याच्या कंदाचं. ते नव्या कंदाला देऊन टाकलं. मिरचीचंही तसंच. मरीच म्हणजे मिरी आपल्याकडची. तिच्यासारखी झोंबते म्हणून ही मिरची.

भुईमुगाला नाव देणारा मात्र शेतातला माणूस होता, हे नक्की. भुईतला मूग. फूल वर, हवेत येतं. ते सुकलं की त्याच्या बुडातून एक बारीक दांडा निघतो, खाली वाकतो आणि मातीत शिरतो. शेतकरी म्हणतात, आऱ्या सुटल्या. त्या आऱ्यांच्या टोकाला जमिनीखाली शेंग धरते. म्हणून आऱ्या सुटायच्या सुमाराला माती भुसभुशीत लागते आणि एकदा त्या मातीत गेल्या की कोळपं घालत नाहीत. हे सगळं डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानेच 'भुईमूग' म्हटलं असणार.

साबुदाण्याचा प्रवास सगळ्यात वाकडा. 'साबु' हे मलय भाषेतल्या 'सागू'चं रूप. सागू हा आग्नेय आशियातला ताडासारखा वृक्ष, त्याच्या खोडातल्या गराचे दाणे करत. आपल्याकडे आधी हाच साबुदाणा जहाजाने यायचा. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल बंद झाला आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास टॅपिओकाच्या कंदापासून दाणे करायला लागले. हा कंद दक्षिण अमेरिकेचा. पोर्तुगिजांनी तो मलबारात आणला आणि १८८०च्या दशकात त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी त्याच्या लागवडीचा पाठपुरावा केला, कारण दुष्काळात तो पोट भरत होता. सेलमला कंद सोलून, किसून त्याचं दूध काढतात. खाली बसलेलं ओलसर सत्त्व कापडाच्या झोळीत हलवत राहिलं की त्याचे गोल दाणे वळले जातात. ते तापलेल्या पत्र्यावर अर्धवट भाजून वाळवले की झाला साबुदाणा. म्हणजे झाड मलायाचं, त्याच्या नावावर कंद ब्राझीलकडचा, कारखाना सेलमचा आणि खाणारे बहुतांश आपण.

मग हे सगळं उपासाला चाललं कसं? मला यात लबाडी दिसत नाही, दिसतं ते नियमाचं काटेकोर पालन. उपासाला धान्य वर्ज्य, कंदमुळं-फळं चालतात, असा जुना दंडक. नवी वस्तू आली की बायकांनी तिला त्याच चाळणीतून काढलं. बटाटा जमिनीखाली येतो, कंद आहे, चालला. राजगिरा गवतवर्गातला नाही, चालला. टोमॅटो फळ असूनही पुष्कळ घरांत अडला. त्याआधी काय खात असतील? वरी, शिंगाडा, सुरण, कोनफळ, केळी, दूध. यातली वरी आजही शेंगदाण्याच्या आमटीबरोबर त्याच ताटात आहे.

केळ्यावरून आठवलं. केळं कुस्करून दूध-साखरेत घातलं की होतं शिकरण. हा शब्द 'शिखरिणी'चा, आणि शिखरिणी म्हणजे दह्यात साखर आणि सुगंधी द्रव्यं घालून केलेला, मानसोल्लासातही आलेला जुना पदार्थ. श्रीखंड त्याचाच पुढचा अवतार मानतात. संस्कृतात 'श्रीखंड' म्हणजे चंदन. शिखरिणीला ते भारदस्त नाव कुणी आणि का लावलं असेल ते खाणाऱ्यांनीच ठरवावं. शंकरपाळ्यांचा शंकराशी संबंध नाही. फारसीत 'शकरपारा' म्हणजे साखरेचा तुकडा. शकरचा शंकर करून आपण तो फराळात आणला. उपम्याचंही तसंच. कानडीत 'उप्पु' म्हणजे मीठ आणि 'हिट्टु' म्हणजे पीठ, त्याचं झालं उप्पिट. तमिळमध्ये 'मावु' म्हणजे पीठ, त्याचा झाला उपमा. अलंकारशास्त्राशी त्याचं काही देणंघेणं नाही.

इतकी नावं चाळल्यावर एक ठोकताळा हाती लागतो. नावाच्या गोष्टीत राजा, अचानक आलेला पाहुणा, संपलेला जिन्नस आणि हुशार आचारी हे चौघं एकत्र आले की गोष्ट नंतर रचलेली समजावी. त्याच पदार्थाला शेजारच्या दोन-तीन भाषांत काय म्हणतात ते पाहावं. बहुतेक वेळा उत्तर तिथे असतं.

कोशांत मात्र ते दर वेळी मिळेल असं नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये आला, दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात, कृ. पां. कुलकर्ण्यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ मध्ये. हे सगळे कोशकार पुरुष, आणि पदार्थांची नावं रोज वापरणाऱ्या बहुतेक बायका. त्यामुळे स्वयंपाकघरातले कितीतरी शब्द गावाच्या वेशीबाहेर पडलेच नाहीत. विदर्भात टोमॅटोला 'भेदरं' म्हणणारी पिढी आता थकली आहे. तुमच्या घरात, तुमच्या गावात एखाद्या पदार्थाला पुस्तकात नसलेलं नाव असेल तर ते लिहून ठेवा. सोबत तालुका लिहा, सांगणारीचं माहेर कुठलं ते लिहा, आणि पदार्थ कसा करतात तेही चार ओळींत लिहा, कारण नुसत्या नावावरून पदार्थ ओळखता येत नाही.